व्याख्येबाहेरची माणसे

शब्दांच्या व्याख्या हा विषय आपल्या शिक्षणात बहुधा परीक्षेपुरता राहिला आहे. शिक्षक व्याख्या फळ्यावर लिहून देतात, विद्यार्थी ती पाठ करतात, दोन गुण मिळाले की तिचे काम संपते. ही व्याख्या कोणी केली, कोणत्या काळी केली आणि कोणत्या हेतूने केली, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. परंतु ज्यांच्या आयुष्याचा मोठा भाग तहसील कचेरी, न्यायालय, महापालिका आणि जातपडताळणी समिती यांच्या दारात जातो, त्यांना व्याख्येचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. 'तुम्ही व्याख्येत बसत नाही' हे एक वाक्य ऐकून रिकाम्या हाताने परतलेली माणसे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत.

मी नवी मुंबईतील एका महाविद्यालयात शिकवतो. माझ्या वर्गात बेलापूर पट्टीतील जुन्या गावांची मुले आहेत, तुर्भे आणि दिघ्याच्या वस्त्यांतली मुले आहेत आणि सिडकोच्या वसाहतींत राहणारी मुलेही आहेत. 'प्रकल्पग्रस्त म्हणजे नेमके कोण?' असा प्रश्न तेथे निघाला की तीन प्रकारची उत्तरे येतात. ज्याची जमीन गेली तो, असे एक म्हणतो. ज्याचे काम गेले तोही, असे दुसरा म्हणतो. तिसऱ्याला हा शब्दच ठाऊक नसतो. शब्दकोश उघडून हा वाद मिटत नाही, कारण हा वाद अर्थाचा नाही, हक्काचा आहे.

म्हणून येथे कायदा, महसूल, नगररचना, जनगणना, श्रम आणि साहित्य अशा वेगवेगळ्या क्षेत्रांतील काही शब्द घेऊन त्यांच्या व्याख्यांची ओळख करून द्यावयाची आहे. प्रत्येक शब्दाबाबत तीन गोष्टी पाहू. व्याख्या कोणी केली, तिच्यातून कोण वगळले गेले, आणि वगळलेल्यांनी ती कोठे रुंदावली.

१. 'जात' : व्याख्या कशी तपासावी

व्याख्या तपासण्याची रीत शिकावयाची असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पहिल्या महत्त्वाच्या निबंधाकडे जावे लागते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस होते. निबंधाच्या आरंभीच ते जातीच्या प्रचलित व्याख्या एकेक करून समोर ठेवतात. फ्रेंच अभ्यासक सेनार, ब्रिटिश अधिकारी नेसफिल्ड आणि रिस्ले, आणि आपल्याकडील डॉ. श्री. व्यं. केतकर अशा चौघांच्या त्या व्याख्या होत.

या व्याख्यांत बाबासाहेबांना जे दोष दिसले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. सेनार विटाळाची कल्पना पुढे आणतो, पण विटाळ हे जातीचे मूळ लक्षण नव्हे. धर्मकृत्ये करणाऱ्या वर्गाला समाजात वरचे स्थान असल्यामुळे ती कल्पना जातीला चिकटली आहे. नेसफिल्ड रोटीबंदीवर भर देतो, पण तो परिणामालाच कारण समजतो, कारण जो गट स्वतःला बंद करून घेतो तो बाहेरच्यांबरोबर जेवणार नाहीच. रिस्लेच्या व्याख्येत समान नाव, समान पूर्वज आणि वंशपरंपरागत धंदा यांची यादी आहे, पण तिने जातीचे मर्म हाती लागत नाही. केतकरांचे श्रेय त्यांनी मान्य केले, कारण केतकरांनी जातीकडे सुटे एकक म्हणून न पाहता जातिव्यवस्थेचा भाग म्हणून पाहिले. मात्र केतकर जातीची दोन लक्षणे सांगतात : सभासदत्व जन्माने मिळणे आणि जातीबाहेर लग्नाला बंदी असणे. बाबासाहेब म्हणतात, ही दोन लक्षणे वेगळी नाहीत. बाहेर लग्न होऊ दिले नाही की सभासदत्व जन्मावरच येऊन ठेपते. तेव्हा जातीचे मर्म एकच आहे, ते म्हणजे जातीअंतर्गत विवाह. जात म्हणजे दारे बंद करून घेतलेला वर्ग.

या विवेचनाचे महत्त्व केवळ विद्वत्तेपुरते नाही. व्याख्या बदलली की उपायही बदलतो. जात म्हणजे रोटीबंदी असे मानले तर सहभोजनाने ती मोडली असे समाधान मानता येते. जात म्हणजे जातीअंतर्गत विवाह असे म्हटले की सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा कशासाठी होत्या हे उलगडते, स्त्रीच्या दास्याचा जातीशी असलेला संबंध उघड होतो, आणि आंतरजातीय विवाहाच्या प्रश्नाला बगल देता येत नाही. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेब ज्या उपायापाशी आले त्याचे बीज वीस वर्षांपूर्वी केलेल्या व्याख्येत होते. उत्तरायुष्यात पाली भाषेचा कोश तयार करण्यासाठीही त्यांनी श्रम घेतले. शब्दांचे अर्थ दुसऱ्यांच्या हाती सोडून चालत नाही, ही जाणीव त्यांच्या साऱ्या लेखनात आढळते.

२. 'सार्वजनिक' : एका शब्दाचे दोन न्याय

'सार्वजनिक' हा शब्द आपण रोज वापरतो. सर्व जनांचे ते सार्वजनिक, असा त्याचा सरळ अर्थ. पण 'सर्व जन' कोणाला म्हणावे हा प्रश्न महाडने उभा केला.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व चालवलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर जाऊन पाणी प्याली, तेव्हा कागदावरचा 'सार्वजनिक' प्रथमच प्रत्यक्षात आला. लगेच मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सवर्णांनी दिवाणी दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की तळे सार्वजनिक नाहीच, ते स्पृश्यांचे खाजगी आहे, आणि अस्पृश्यांनी तेथे न येण्याची रूढी जुनी आहे. हा दावा मुंबई उच्च न्यायालयात जाऊन १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला. एका शब्दात आपलाही समावेश होतो, एवढे सिद्ध करण्यास दहा वर्षे लागली.

आता त्याच शब्दाचे दुसरे रूप पाहा. महाड तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यातील पनवेल व उरण आणि शेजारचा ठाणे या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन १९७० पासून नवी मुंबईसाठी घेण्याचे ठरले. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र. ते 'सार्वजनिक प्रयोजना'साठी होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात अशी तरतूद होती की जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी हवी आहे अशी शासनाने घोषणा केली की ती घोषणा हाच त्याचा निर्णायक पुरावा. म्हणजे तळ्यावर पाणी प्यावयाचे तर 'सार्वजनिक' हे दहा वर्षे न्यायालयात सिद्ध करावे लागले, आणि गावकऱ्यांची जमीन घ्यावयाची तर शासनाने तसे म्हणणे पुरेसे ठरले. शहर वसवू नये असे येथे म्हणावयाचे नाही. माझे विद्यार्थी व मी याच शहरात वाढलो आहोत. परंतु एकाच शब्दासाठी पुराव्याचे दोन माप का, हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

३. जमिनीचे शब्द

*सातबारा.* गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा उतारा होतो. सातमध्ये जमिनीवरील हक्क आणि बारामध्ये पिकांची नोंद असते. भोगवटादाराचे नाव वर, आणि कूळ, कर्ज, बोजा वगैरे 'इतर हक्क' या रकान्यात. त्या जमिनीवर आयुष्यभर राबलेल्या शेतमजुरासाठी मात्र या उताऱ्यात रकाना नाही. खाडीत मासेमारी करणाऱ्यासाठी तर उताराच नाही, कारण खाडीला सर्व्हे नंबर नसतो.

*वतन.* वतन म्हणजे पिढीजात कामाच्या मोबदल्यात मिळालेली जमीन वा उत्पन्न. पाठ्यपुस्तकांत वतन आणि बलुते यांचे वर्णन परस्परसहकार्याची व्यवस्था असे असते. महार वतनाची खरी हकीकत वेगळी होती. १८७४ च्या वतन कायद्याखाली महाराचे काम किती, कोणते आणि किती तासांचे, याला मर्यादा नव्हती. दिवसा-रात्री केव्हाही सरकारी काम येई, आणि घरचा एक माणूस हजर नसेल तर दुसऱ्याला जावे लागे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कामे निश्चित असावीत, मोबदला ठरलेला असावा, आणि ज्याला चाकरी नको त्याला पूर्ण सारा भरून जमीन रयतावा करून घेता यावी, असा त्याचा आशय होता. म्हणजे लढा जितका जमिनीचा तितकाच कामाच्या व्याख्येचाही होता. ज्या कामाची व्याख्या होत नाही ते काम कधी संपत नाही.

ही वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. त्या कायद्याच्या नावातच 'कनिष्ठ गाव वतने' असा शब्द आहे. वतन गेले, 'कनिष्ठ' हे विशेषण कायद्याच्या पुस्तकात राहिले. जमिनी परत मिळाल्या त्या नव्या शर्तीवर, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून हस्तांतर न करण्याच्या अटीने. महसुली भाषेत याला *भोगवटादार वर्ग २* म्हणतात. वर्ग १ च्या भोगवटादाराला जमीन विकण्याची मोकळीक असते, वर्ग २ च्या नसते. दुबळ्याच्या हातून जमीन निसटू नये, हा या अटीमागचा हेतू चांगला. परंतु बँकेत कर्ज मागताना किंवा मोबदला घेताना हाच 'वर्ग २' वाटेत उभा राहतो, असा अनुभव वतनदारांच्या वारसांना येतो. संरक्षण आणि अडवणूक ही एकाच शब्दात नांदू शकतात, हे यावरून दिसते.

*प्रकल्पग्रस्त.* १८९४ च्या कायद्यात हा शब्द नव्हता. तेथे 'हितसंबंधित व्यक्ती' असे, आणि ती म्हणजे मोबदल्यात हितसंबंध सांगणारी व्यक्ती. मोबदला जमिनीचा असल्यामुळे हितसंबंधही प्रामुख्याने जमीनवाल्याचा मानला गेला. नवी मुंबईच्या क्षेत्रात भातखाचरे होती, तशी खाजणे आणि मिठागरेही होती. मिठागरात फावडे चालवणारा, दुसऱ्याच्या शेतात लावणी-कापणी करणारा आणि खाडीत जाळे टाकणारा या तिघांची उपजीविका गेली, पण मोबदल्याच्या यादीत त्यांचे नाव आपोआप येणे शक्य नव्हते.

ही व्याख्या बदलण्यास किती काळ लागला पाहा. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' या संज्ञेत स्वतःची जमीन नसलेले शेतमजूर, कुळे, वाटेकरी आणि कारागीर यांचाही समावेश झाला. अट अशी की संपादनापूर्वी तीन वर्षे ते त्या क्षेत्रात काम करीत असले पाहिजेत आणि त्यांची मुख्य उपजीविका बाधित झाली पाहिजे. १८९४ पासून २०१३ पर्यंत एकशे एकोणीस वर्षे झाली. नवी मुंबईची बहुतेक जमीन त्यापूर्वीच जुन्या कायद्याखाली गेली होती. उरणच्या खाडीतील पारंपरिक मच्छीमारांना तर राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. बंदराच्या कामांमुळे उपजीविका गमावलेल्या १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी, असा आदेश लवादाने २०१५ साली दिला. सातबारा नसलेल्यालाही नुकसान होते, हे त्या आदेशाने मान्य केले.

*साडेबारा टक्के.* ही संज्ञा नवी मुंबईबाहेर फारशी कोणाला कळणार नाही. येथे ती प्रत्येक गावात घरोघरी आहे. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ जमीनधारकाला परत मिळावा, असा तिचा अर्थ. ही योजना सहजासहजी आली नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनावर १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार झाला, त्यात पाच जण हुतात्मे झाले. १९९० साली शासनाने साडेबारा टक्क्यांचा निर्णय काढला. सार्वजनिक सोयींसाठी त्यातूनही ३.७५ टक्के वजा होतात, हाती येतात ८.७५. तरीही हा लढ्याने मिळवलेला शब्द आहे आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. मात्र गणित विसरता कामा नये. टक्केवारी काढावयाची तर आधी मूळ रक्कम लागते, आणि शून्याचे साडेबारा टक्के शून्यच येतात. भूमिहीनाला काही मिळवावयाचे तर ते या हिशोबात बसत नाही. त्याला स्वतंत्र मागणी करून, स्वतंत्र सवलत म्हणूनच मिळवावे लागते.

*गावठाण.* जिल्हाधिकारी महसूल कायद्याखाली गावाच्या वस्तीची जी हद्द निश्चित करतात ते गावठाण. गावे वाढली, कुटुंबे विभक्त झाली, गावठाणाची हद्द मात्र वेळीच वाढली नाही. हद्दीबाहेर पोरासुनेसाठी बांधलेले घर 'अनधिकृत' ठरले. तेव्हा गावकऱ्यांनी एक नवा शब्द पुढे आणला : *गरजेपोटी बांधलेली घरे.* हा शब्द आंदोलनातून आला आणि आज शासनाच्या निर्णयांतही तो वापरला जातो. लोकांनी घडवलेला शब्द सरकारी शब्दाला कसा हटवू शकतो याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पण येथेच थांबून आणखी एक प्रश्न विचारू. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याला लागून तुर्भे, दिघा येथे ज्या वस्त्या आहेत त्यांत मराठवाडा, विदर्भ आणि परप्रांतांतून कारखान्यांच्या व दगडखाणींच्या कामासाठी आलेली माणसे राहतात. त्यांत दलितांची संख्या मोठी आहे. त्यांनीही घरे गरजेपोटीच बांधली. त्यांना मात्र 'झोपडीधारक' म्हणतात, आणि ते *पात्र* की *अपात्र* हे तारखेवरून ठरते. आधी १ जानेवारी १९९५, नंतर १ जानेवारी २०००. गरज दोघांचीही खरी, शब्द दोन. गावकऱ्यांच्या मागणीला पाठिंबा देत असतानाच 'गरज' या शब्दाची व्याप्ती वस्तीपर्यंत नेणे हे आपल्या चळवळीचे काम आहे.

४. माणसांची नावे

*अस्पृश्यता.* संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, परंतु तिची व्याख्या केलेली नाही. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यातही ती नाही. १९७६ पासून त्या कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हा अनुच्छेद चर्चेला आला तेव्हाही, व्याख्या नसल्याने अडचण होईल, असे काही सभासदांनी म्हटले होते. संविधानात हा शब्द अवतरणचिन्हांत आहे. म्हैसूर उच्च न्यायालयाने पुढे त्याचा अर्थ असा लावला की येथे शब्दशः 'स्पर्श न करणे' अभिप्रेत नसून या देशात इतिहासक्रमाने घडलेली प्रथा अभिप्रेत आहे. व्याख्या नसण्याचा येथे लाभ झाला असे माझे मत आहे. काटेकोर व्याख्या केली असती तर तिच्यातून निसटण्याच्या वाटा प्रस्थापितांनी लगेच शोधल्या असत्या. तेव्हा प्रत्येक शब्दाला व्याख्या हवीच असे नाही. ती कोणाच्या उपयोगी पडणार, हे आधी पाहावे लागते.

*अनुसूचित जाती.* १९३५ च्या कायद्याने रूढ केलेली ही संज्ञा. संविधानातील तिची व्याख्या पाहिली तर विद्यार्थी चकित होतात. अनुच्छेद ३४१ खाली ज्या जाती अनुसूचित मानल्या जातात त्या अनुसूचित जाती, असा तिचा आशय. व्याख्या यादीकडे बोट दाखवते, आणि यादी राष्ट्रपतींच्या आदेशाकडे. यादीत नाव असण्याला महत्त्व का येते हे यातून समजते. १९५० च्या आदेशाप्रमाणे, काही शीख जातींचा अपवाद सोडता, हिंदू धर्म न मानणारा या यादीत राहू शकत नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या दृष्टीने ती त्या क्षणी व्याख्येबाहेर गेली. माणूस तोच, वस्ती तीच, गावाची वागणूकही तीच, फक्त रकाना बदलला. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडले. या चौतीस वर्षांत किती मुले केंद्राच्या शिष्यवृत्तीला आणि नोकरीला मुकली असतील याचा विचार करावा.

*हरिजन आणि दलित.* 'हरिजन' हे नाव गांधीजींनी प्रचारात आणले. ज्यांच्यासाठी ते होते त्यांना विचारून ते ठेवलेले नव्हते. १९३८ साली मुंबई विधिमंडळात कायद्यात हा शब्द घालण्याचा प्रश्न आला तेव्हा भाऊराव गायकवाड आणि बाबासाहेब यांनी विरोध केला आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले. 'दलित' या शब्दाची गोष्ट निराळी. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले, १९७२ मध्ये दलित पँथर स्थापन झाली, आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात पँथरने आपली व्याख्या स्वतः केली. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि राजकीय, आर्थिक व धर्माच्या नावाने पिळले जाणारे सर्व, इतकी व्यापक ती व्याख्या. २०१८ साली केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने दूरचित्रवाणी वाहिन्यांना 'दलित' ऐवजी 'अनुसूचित जाती' म्हणण्याची सूचना केली. सरकारी कागदावर ती संज्ञा आवश्यकच आहे, तिच्यावर आपले हक्क उभे आहेत. परंतु अनुसूचित जाती ही मोजणीची संज्ञा आहे आणि दलित ही जाणिवेची. एक दिल्याने दुसरी काढून घेता येत नाही.

५. श्रमाचे शब्द

*काम.* जनगणनेच्या भाषेत वर्षातील सहा महिने वा अधिक काम करणारा तो 'मुख्य कामगार', त्याहून कमी तो 'सीमांत कामगार'. घरातील स्वयंपाक, पाणी, पोरेबाळे हे काम धरले जात नाही. प्रवेश अर्जात 'आईचा व्यवसाय' या रकान्यात माझे अनेक विद्यार्थी 'काही नाही' असे लिहितात. चौकशी केली तर आई पहाटे चार घरची धुणीभांडी करून येते आणि मग स्वतःच्या घरचे काम करते असे समजते. रकान्यात ती काही करीत नाही.

*मानधन.* काम करणाऱ्याला वेतन मिळते, सेवा करणाऱ्याला मानधन. म्हणून अंगणवाडी सेविका ही 'सेविका' आणि आशा ही 'स्वयंसेविका'. नावात मान ठेवला की धनात कपात करता येते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे असे ठरवले. म्हणजे मानधन म्हटले तरी त्या कायद्यापुरते ते वेतनच होय. आमच्या शिक्षणक्षेत्रातही *तासिका तत्त्व* नावाचा शब्द आहे. तासाचा मोबदला मिळतो, पण पेपर तपासणे, मुलांच्या अडचणी ऐकणे आणि सुटीचे महिने त्यात येत नाहीत. पहिल्या पिढीतील पदवीधर ज्या काळात प्राध्यापक होऊ लागले, त्याच काळात हा शब्द फोफावला, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

*बिगार.* संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने बिगार निषिद्ध केली. बिगार म्हणजे मोबदला न देता करून घेतलेले सक्तीचे काम, असा जुना अर्थ. १९८२ साली आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी देऊन घेतलेले कामही सक्तीचे श्रम होय, कारण भुकेची सक्ती हीही सक्तीच आहे. व्याख्या रुंदावल्याने कंत्राटी कामगाराच्या हाती एक हत्यार आले.

*हाताने मैला साफ करणारा.* व्याख्या कशी अरुंद करता येते ते येथे दिसते. २०१३ च्या कायद्याने १९९३ ची व्याख्या वाढवली, उघडी गटारे, खड्डे आणि रेल्वेमार्ग यांचा समावेश केला. परंतु त्यालाच एक स्पष्टीकरण जोडले आहे. केंद्राने अधिसूचित केलेली उपकरणे व संरक्षक साधने वापरून मैला साफ करणारा माणूस या व्याख्येत येणार नाही. म्हणजे हातमोजा घातला की माणूस व्याख्येबाहेर गेला. मैला तोच आणि बहुधा जातही तीच. गटारात उतरण्याला त्याच कायद्यात 'धोकादायक सफाई' अशी वेगळी संज्ञा आहे. त्यामुळे संसदेत असे उत्तर देता येते की हाताने मैला साफ करताना कोणी मेले नाही, जे मेले ते गटारांच्या धोकादायक सफाईत मेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारातील मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. ती मागावयाची तर मृत्यूची नोंद कोणत्या शब्दाखाली झाली हे कार्यकर्त्याने आधी पाहिले पाहिजे.

*साक्षर.* १९९१ पासून जनगणनेत सात वर्षे व त्यावरील वयाची, कोणत्याही भाषेत समजून लिहू-वाचू शकणारी व्यक्ती साक्षर. त्याआधी चार वर्षांपर्यंतची बालकेच वगळली जात. म्हणून दोन जनगणनांची टक्केवारी शेजारी ठेवण्यापूर्वी व्याख्या तपासावी, एवढेच येथे सांगणे पुरे.

६. शब्द वाचण्याची रीत

वरील शब्द वेगवेगळ्या क्षेत्रांतले असले तरी त्यांतून एक सूत्र हाती येते. व्याख्या ही कुंपणासारखी असते. ती कोणाला तरी आत घेते आणि कोणाला तरी बाहेर ठेवते. काही कुंपणे आपल्या रक्षणासाठीच असतात, ती जपली पाहिजेत. काही आपल्याला बाहेर ठेवण्यासाठी असतात, ती ओळखली पाहिजेत. म्हणून कोणताही सरकारी निर्णय, अर्ज वा कायदा हाती आला की प्रथम त्यातील व्याख्यांचे कलम काढावे आणि चार प्रश्न विचारावेत. ही व्याख्या कोणी केली? पुराव्याचा भार कोणावर टाकला? 'मात्र', 'परंतु' आणि 'स्पष्टीकरण' या शब्दांनंतर काय आले आहे? आणि ज्या माणसासाठी आपण उभे आहोत तो आत आहे की बाहेर?

शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावाचा, वस्तीचा शब्दसंग्रह करून घ्यावा. आजीला 'खाजण' म्हणजे काय वाटते, बापाला 'कंत्राटी' म्हणजे काय वाटते, आईला 'काम' म्हणजे काय वाटते, हे तिच्या-त्याच्या शब्दांत लिहून घ्यावे आणि शेजारी कायद्यातील व्याख्या लिहावी. दोन्हींत जे अंतर पडेल तेथे आपल्या पुढच्या मागण्यांचा मजकूर सापडेल. १९७८ साली दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, तेव्हा पाठ्यपुस्तकातील बलुत्याच्या व्याख्येला एका माणसाच्या जगण्याने उत्तर मिळाले. अशी उत्तरे अजून पुष्कळ शब्दांना द्यावयाची आहेत, आणि ती द्यावयाची पाळी आता वर्गात बसलेल्या मुलांची आहे.